हशा आणि स्तब्धता : विनोदी मालिकांच्या दिग्दर्शकांविषयी

चित्रपट पाहून परतलेला रसिक बहुधा दिग्दर्शकाचे नाव घेतो. नाटक पाहून आलेला नटाचे आणि नाटककाराचे घेतो. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका पाहून उठलेल्या प्रेक्षकाच्या ओठी मात्र केवळ पात्राचे नाव असते. लूसी, आर्ची बंकर, मेरी रिचर्ड्स, हॉकाय ही नावे अमेरिकेतील कित्येक पिढ्यांना घरच्या माणसांसारखी परिचित आहेत. पुढे उपग्रह वाहिन्यांनी आणि नंतर आंतरजालाने अशा मालिका आपल्याकडील घरांपर्यंतही आणून पोहोचवल्या. परंतु मार्क डॅनियल्स, विल्यम अ‍ॅशर, जॉन रिच, जीन रेनॉल्ड्स, जे सँड्रिच, जोन डार्लिंग, जेम्स बरोज ही नावे सहसा कोणी घेत नाही. ज्यांनी आपल्याला हसवले त्यांच्यापैकी निम्म्यांची आपल्याला ओळखच नाही. ती ओळख करून द्यावी आणि त्यांच्या कलेचे मर्म शोधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही उपेक्षा समजण्यासारखी आहे. ज्याला इंग्रजीत 'सिटकॉम' म्हणतात ती प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका अत्यंत काटेकोर चौकटीत बांधलेली असते. तीच जागा, तीच माणसे, दर आठवड्याला एक नवा पेच, आणि अर्ध्या तासाच्या शेवटी त्याची उकल. जाहिराती वगळल्या तर हाती जेमतेम बावीस ते पंचवीस मिनिटे उरतात. संहिता लेखकांच्या मंडळाने लिहिलेली असते. पात्रांच्या लकबी नटांनी घटवलेल्या असतात. दिग्दर्शकाला सोमवारी संहितेचे वाचन ऐकावे लागते आणि आठवडा संपण्यापूर्वी प्रेक्षकांपुढे चित्रण पुरे करावे लागते. मग त्याच्या प्रतिभेला वाव तो कोठे? नटांनी कोठून यावे, कोठे बसावे, एवढेच सांगणारा तो एक कुशल कारागीर, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे.

माझे मत याहून वेगळे आहे. विनोद लेखक लिहितो आणि नट करतो, हे खरे. पण तो हशा कोणाच्या दिशेने वळवायचा आणि नेमका कोठे थांबवायचा, याचा निर्णय दिग्दर्शकाच्या हाती असतो. प्रेक्षकांना हसवणे अवघड आहेच. हसणाऱ्या प्रेक्षकांना क्षणार्धात स्तब्ध करणे त्याहून अवघड. आणि हा प्रश्न केवळ कलेचा नाही, नीतीचाही आहे. एखाद्या समाजाची संस्कृती तो कशाला हसतो यावरून जशी कळते, तशीच तो कोठे हसायचे थांबतो यावरूनही कळते.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : उत्तम प्रकृतीच्या माणसांचे स्मित आणि हसित, मध्यम प्रकृतीचे विहसित आणि उपहसित, अधम प्रकृतीचे अपहसित आणि अतिहसित. म्हणजे हसण्यालाही पायऱ्या आहेत, हे त्यांनी ओळखले होते. इकडे ख्रिस्ती परंपरेत संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिया' या महाग्रंथात विनोदबुद्धीला चक्क सद्गुणांच्या मांडणीत स्थान दिले. थट्टेचा अतिरेक हा दोष, तसाच विनोदाचा पूर्ण अभाव हाही दोष, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तेथेच त्यांनी प्रेषित योहानाची जुनी आख्यायिका सांगितली आहे. शिष्यांसमवेत विरंगुळ्यात रमलेल्या योहानाला पाहून काही जणांना ते खटकले. तेव्हा त्याने एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला लावले आणि विचारले, हे धनुष्य तू अखंड ताणून ठेवू शकशील का? ठेवले तर ते मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने सांगितले. भरतमुनी पायरी सांगतात, संत थॉमस प्रमाण सांगतात. विनोदी मालिकेच्या दिग्दर्शकाला ही दोन्ही सांभाळावी लागतात, तीही शे-दोनशे अनोळखी माणसे समोर बसलेली असताना.

या कलेचा पाया १९५१ साली घातला गेला. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला 'आय लव्ह लूसी' ही मालिका अमेरिकेत सुरू झाली. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होत. देशाच्या दुसऱ्या टोकाला ते दाखवायचे, तर पडद्यावरच्या चित्राचेच फिल्मवर चित्रण करून ती प्रत पाठवत. साहजिकच ती धूसर असे. ल्यूसिल बॉल आणि तिचा पती देसी अरनाझ यांना हॉलिवूड सोडायचे नव्हते. म्हणून त्यांनी मालिका प्रत्यक्ष फिल्मवर चित्रित करण्याचे ठरवले. मात्र प्रेक्षक समोर हवेतच, कारण प्रेक्षकांच्या हशाविना लूसीचा अभिनय फुलत नसे. यातून तीन कॅमेऱ्यांची पद्धत रुजली. प्रसंग नाटकासारखा सलग घडायचा, तीन कॅमेरे एकाच वेळी तो टिपायचे आणि समोर सुमारे तीनशे प्रेक्षक बसायचे. तिन्ही कॅमेऱ्यांना पुरेल अशी सपाट, वरून येणारी प्रकाशयोजना कार्ल फ्रॉइंड यांनी बसवली. जर्मनीत 'मेट्रोपोलिस'सारख्या मूकपटाचे छायाचित्रण करणारे हेच ते फ्रॉइंड. छायाप्रकाशाचा एवढा मोठा जादूगार येथे सावल्या पुसून टाकण्याच्या कामी लागला, हेही एक नवलच.

पहिल्या वर्षाचे दिग्दर्शन मार्क डॅनियल्स यांनी केले. ते मूळचे रंगभूमीवरचे. शेजारीण एथेलच्या भूमिकेसाठी व्हिव्हियन व्हान्स यांचे नाव त्यांनीच सुचवले. ही एक निवडसुद्धा दिग्दर्शकाच्या मर्मदृष्टीचा पुरावा म्हणून पुरेशी आहे. दुसऱ्या वर्षी सूत्रे विल्यम अ‍ॅशर यांच्याकडे आली आणि १५ सप्टेंबर १९५२ रोजी चॉकलेटच्या कारखान्याचा तो प्रसिद्ध भाग प्रक्षेपित झाला. सरकत्या पट्ट्यावरून येणारी चॉकलेटे लूसी आणि एथेलने कागदात गुंडाळायची आहेत. पट्टा वेग घेतो. सुटलेली चॉकलेटे दोघी तोंडात कोंबतात, टोपीत दडवतात, पोलक्यात लपवतात. देखरेख करणारी बाई येते, रिकामा पट्टा पाहून खूश होते आणि पट्टा आणखी जोरात सोडायला सांगते.

अ‍ॅशर यांनी येथे काय केले? म्हटले तर फारच थोडे. कॅमेरा बहुतांश समोर राहिला, दोघी एकाच चौकटीत दिसत राहिल्या. एखाद्या उतावळ्या दिग्दर्शकाने लूसीच्या फुगलेल्या गालांजवळ कॅमेरा नेला असता आणि तिचे माकड केले असते. अ‍ॅशर यांनी पट्टा, दोन बायका आणि त्यांची धांदल ही सारी एकत्र दाखवली. त्यामुळे आपण त्या बायकांच्या वेंधळेपणाला हसत नाही. माणसाला न झेपणाऱ्या यंत्राच्या गतीला हसतो. पोटासाठी कोठे ना कोठे अशा पट्ट्यापाशी उभे राहावे लागलेल्या प्रत्येकाला त्या हशात आपला वाटा सापडतो. हशाची दिशा कॅमेऱ्याच्या अंतरावर अवलंबून असते, हा धडा या प्रसंगाने घालून दिला.

हशाच्या दिशेचा प्रश्न जॉन रिच यांच्यापुढे फार बिकट होऊन उभा राहिला. १२ जानेवारी १९७१ रोजी नॉर्मन लीअर यांची 'ऑल इन द फॅमिली' ही मालिका सुरू झाली. तिचा नायक आर्ची बंकर हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला कष्टकरी गृहस्थ. कृष्णवर्णीय, ज्यू, परदेशी, कॅथलिक यांच्याविषयीचे सारे पूर्वग्रह तो आपल्या आरामखुर्चीत बसून बिनदिक्कत बोलून दाखवी. पहिल्या काही वर्षांतील बहुसंख्य भागांचे दिग्दर्शन रिच यांनी केले. आर्चीची खुर्ची त्या दिवाणखान्यात सिंहासनासारखी होती. तिच्यावर दुसरे कोणी बसले की घरात वादळ. १९७८ मध्ये ती खुर्ची वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने राष्ट्रीय ठेवा म्हणून आपल्या संग्रहात घेतली.

१९ फेब्रुवारी १९७२ च्या भागात विख्यात कृष्णवर्णीय कलावंत सॅमी डेव्हिस ज्युनियर स्वतःच्याच भूमिकेत येतात. टॅक्सीत विसरलेली बॅग न्यायला ते आर्चीच्या घरी आले आहेत. आर्ची एकीकडे त्यांच्या प्रसिद्धीने भारावलेला आणि दुसरीकडे आपल्या पूर्वग्रहांचे प्रदर्शन करणारा. अखेरीस दोघांचे छायाचित्र घेतले जाते. कळ दाबली जाणार तेवढ्यात पाहुणा आर्चीच्या गालाचे चुंबन घेतो. प्रेक्षागृहात हशाचा जो कल्लोळ उठला तो लवकर शमेना. रिच यांनी दृश्य घाईने पुढे ढकलले नाही. हा भाग दिग्दर्शित केल्याबद्दल त्यांना एमी पुरस्कार मिळाला. अपमान सोसणाऱ्याने अपमानाची परतफेड प्रेमाच्या खुणेने करावी आणि अपमान करणाऱ्याने गांगरून जावे, यातला अर्थ ख्रिस्ती वाचकाला उलगडून सांगावा लागू नये.

तरीही येथे एक इशारा नोंदवला पाहिजे. १९७४ मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच या अभ्यासकांनी या मालिकेच्या प्रेक्षकांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. ज्यांच्या मनात पूर्वग्रह अधिक होते, त्यांना आर्चीचीच बाजू पटत होती, असे त्यातून दिसले. लेखक-दिग्दर्शकांनी ज्याचे हसे केले, त्यालाच काही प्रेक्षकांनी आपला वकील मानले. दिग्दर्शक हशाला दिशा देऊ शकतो; तो हशा कोणत्या अंतःकरणात जाऊन पडेल, हे त्याच्या हाती नसते. पेरणाऱ्याच्या दाखल्यातील बी आणि जमीन या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाहीत.

आता हसू थांबवण्याच्या कलेकडे वळू. १९७२ ते १९८३ या काळात चाललेली 'मॅश' ही मालिका कोरियन युद्धातील अमेरिकी सैन्याच्या एका फिरत्या शस्त्रक्रिया-रुग्णालयात घडते. ही मालिका एकाच कॅमेऱ्याने, प्रेक्षकांविना चित्रित होई. प्रेक्षक नाहीत म्हणून वाहिनीने हशाचा ध्वनी वरून जोडण्याचा आग्रह धरला. चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने त्यासाठी एक यंत्रच घडवले होते. कळा दाबाव्या आणि हवा तसा हशा काढावा. दिग्दर्शक-निर्माते जीन रेनॉल्ड्स आणि लेखक लॅरी गेलबार्ट यांना हा कृत्रिम हशा मनापासून नकोसा होता. अखेर तडजोड झाली : शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हशा वाजणार नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका दाखवताना तो हशा काढूनच टाकला.

त्या तडजोडीतून रेनॉल्ड्स यांनी एक उत्तम कलाकृती निर्माण केली. १९७४ मध्ये त्यांनी एक संपूर्ण भागच शस्त्रक्रियागृहात घडवला. साहजिकच त्यात आरंभापासून अखेरपर्यंत यांत्रिक हशा नाही. डॉक्टर थट्टा करतात, पण त्या थट्टेला दाद देणारे कोणी नसते. विनोद उच्चारला जातो आणि रक्ताळलेल्या टेबलांवरून तसाच विरून जातो. माणसे आनंदासाठी विनोद करीत नाहीत, उभे राहता यावे म्हणून करतात, हे त्या स्तब्धतेत प्रथम नीट ऐकू येते. या दिग्दर्शनासाठी रेनॉल्ड्स यांनाही एमी पुरस्कार मिळाला. याच मालिकेत विल्यम ख्रिस्टोफर यांनी रंगवलेले फादर मल्काही हे कॅथलिक धर्मगुरू आहेत. सैनिकांचे प्राण वाचवणाऱ्या शल्यविशारदांमध्ये आपला उपयोग तो काय, ही खंत त्यांना पोखरते. १९७८ च्या नाताळातील एका भागात ती खंत केंद्रस्थानी आहे; त्याचे लेखन आणि दिग्दर्शन प्रमुख नट अ‍ॅलन आल्डा यांनी केले होते. धर्मगुरूला विदूषक किंवा देवदूत न करता कामाने थकलेला, शंकेने ग्रासलेला माणूस म्हणून उभे करणे विनोदी मालिकेला साधले, याची आपण कृतज्ञतेने नोंद घ्यावी.

या साऱ्या विवेचनाचा कस जेथे लागतो त्या प्रसंगाकडे आता येतो. 'द मेरी टायलर मूर शो' ही मालिका १९७० ते १९७७ या काळात चालली. मिनिॲपोलिस शहरातील एका वृत्तकक्षात काम करणारी अविवाहित मेरी आणि तिचे सहकारी हा तिचा विषय. तिच्या १६८ भागांपैकी ११९ भागांचे दिग्दर्शन जे सँड्रिच यांचे. नटांना मोकळे सोडून त्यांच्यातील नात्यांना आकार देणारा हा अतिशय सुसंस्कृत दिग्दर्शक. पण २५ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रक्षेपित झालेला सर्वाधिक गाजलेला भाग त्यांचा नाही. त्या भागात वाहिनीवरचा चकल्स नावाचा विदूषक मरण पावतो. मिरवणुकीत तो शेंगदाण्याचा वेष घालून चालला होता आणि एका हत्तीने त्याला सोलायचा प्रयत्न केला! सहकारी हसू आवरू शकत नाहीत. मेरी मात्र संतापते, मृताचा मान राखा म्हणून सर्वांना सुनावते. मृत्यूच्या प्रसंगावर विनोद करणे सँड्रिच यांना रुचले नाही. त्यांनी हा भाग नाकारला. मग तो जोन डार्लिंग या दिग्दर्शिकेकडे आला. त्या काळी दूरचित्रवाणीच्या दिग्दर्शनात स्त्रिया अगदी विरळ होत्या, हेही ध्यानात घ्यायला हवे.

प्रत्यक्ष अंत्यविधीत उलटेच घडते. पाळक गंभीर स्वरात चकल्सच्या विनोदी पात्रांची नावे घेऊ लागतात. इतर सारे खाली मान घालून गप्प आहेत आणि मेरीला हसू फुटते. ती ओठ दाबते, खोकल्याचे सोंग करते, पण हसू पुन्हा उसळते. डार्लिंग यांनी तिच्या चेहऱ्यावर दृष्टी स्थिर ठेवली आणि तिच्या सहकाऱ्यांच्या अवघडलेल्या चेहऱ्यांनी ती उठावदार केली. पाळक तिला उभे राहायला सांगतात. प्रेक्षकाला वाटते, आता हिची फजिती होणार. पण ते तिला म्हणतात, मोकळेपणाने हस. त्याला लोकांना हसवणेच आवडत असे. आणि त्याच क्षणी मेरी हुंदके देऊन रडू लागते. लेखक डेव्हिड लॉइड यांच्या संहितेला एमी पुरस्कार मिळाला, डार्लिंग यांना त्या पुरस्काराचे नामांकन मिळाले आणि १९९७ मध्ये 'टीव्ही गाइड' या साप्ताहिकाने सर्वोत्कृष्ट शंभर भागांच्या यादीत या भागाला पहिले स्थान दिले.

हा प्रसंग पाहताना एक धर्मगुरू म्हणून मला त्यात काहीच अतिरंजित वाटत नाही. मयताच्या घरी जपमाळेसाठी जमलेली माणसे प्रार्थना आटोपल्यावर अंगणात बसतात. कोणीतरी गेलेल्याची एखादी खोडकर आठवण काढते, दबलेले हसू पिकते, आणि त्या हसण्यातूनच एखादी मुलगी किंवा भाऊ उन्मळून रडू लागतो. तोवर त्यांचे अश्रू गोठलेले असतात. त्या हसण्यात मृताचा अवमान नसतो. त्याच्या जिवंतपणाची ती साक्ष असते. चकल्सच्या अंत्यविधीने नेमके हे सत्य पकडले आहे.

मग सँड्रिच यांचा नकार चुकीचा म्हणावा का? मला तसे वाटत नाही. कोणत्या ठिकाणी हसू नये, हा विवेक ज्याच्यापाशी नाही त्याच्या हाती विनोद सोपवू नये. सँड्रिच यांनी मर्यादा प्रसंगाच्या बाहेर आखली. डार्लिंग यांनी ती प्रसंगाच्या आत, हास्याच्याच पोटात शोधली. पहिल्यात औचित्य आहे, दुसऱ्यात औचित्याबरोबर करुणाही आहे. दोघांनाही मर्यादेची जाण होती, म्हणूनच दोघांचे निर्णय आदरास पात्र आहेत.

सँड्रिच यांच्या हाताखाली जो तरुण ही विद्या शिकला तो जेम्स बरोज. वडील एब बरोज हे ब्रॉडवेवरचे नामवंत लेखक-दिग्दर्शक, त्यामुळे रंगमंचाचा वारसा घरचाच. १९७४ मध्ये मेरी टायलर मूरच्या मालिकेत त्यांना पहिली संधी मिळाली आणि त्यानंतर 'टॅक्सी', 'चीअर्स', 'फ्रेझर', 'फ्रेंड्स', 'विल अँड ग्रेस' अशा मालिकांतून २०१६ पर्यंत त्यांच्या दिग्दर्शित भागांची संख्या हजाराच्या वर गेली. तीन कॅमेऱ्यांना त्यांनी चौथ्याची जोड दिली. पण त्यांचे वैशिष्ट्य कॅमेऱ्यात नाही, कानात आहे. चित्रण चालू असताना पडद्याकडे टक लावून बसण्याऐवजी ते मंचावर येरझारा घालीत संवादाची लय ऐकत असतात. एखादे वाक्य अर्ध्या क्षणाने लवकर आले तर हशा चिरडला जातो आणि अर्ध्या क्षणाने उशिरा आले तर तो विझतो. ही मात्रा डोळ्याला दिसत नाही.

त्या कानाची साक्ष 'चीअर्स'च्या २८ ऑक्टोबर १९८२ च्या भागात मिळते. बोस्टनमधील एका मद्यगृहात घडणाऱ्या या मालिकेचे बरोज हे सहनिर्माते होते आणि तिच्या २७५ भागांपैकी सव्वादोनशेहून अधिक त्यांनीच दिग्दर्शित केले. येथील वृद्ध कर्मचारी 'कोच' हा विसराळू, भाबडा, साऱ्यांच्या थट्टेचा विषय. त्याची मुलगी लिसा एका उर्मट तरुणाशी लग्न ठरवून येते. आपण दिसायला सामान्य आहोत, आपल्याला दुसरे कोणी विचारणार नाही, ही तिची समजूत. आतल्या खोलीत बाप तिला सुंदर म्हणतो. बापाच्या नजरेने नको, प्रथमच पाहतो आहेस असे समजून पाहा, अशी ती विनवणी करते. तो पाहतो, आणि तू हुबेहूब तुझ्या आईसारखी दिसतेस म्हणून थक्क होतो. आई सुंदर नव्हती, हे तिच्या ओठांवर आलेले असते. पण बापाचा चेहरा पाहून ती वाक्य अर्ध्यावर सोडते. त्या अर्ध्या वाक्यानंतरची शांतता बरोज यांनी पूर्ण राखली. तिच्या ध्यानात येते : बापाला आई खरोखरच दिवसेंदिवस अधिक सुंदर दिसत गेली होती आणि त्याच डोळ्यांना आपणही दिसतो आहोत. लिसा लग्न मोडते. ज्याला आठवडाभर सारे हसले, त्या भोळ्या म्हाताऱ्यापाशीच पाहण्याची खरी दृष्टी निघाली. कोचची भूमिका करणारे निकोलस कोलासांतो हे स्वतः 'कोलंबो'सारख्या मालिकेच्या काही भागांचे दिग्दर्शक होते. स्तब्धतेचे मोल त्यांना ठाऊक असणारच.

इतकी प्रशंसा केल्यावर या कलाप्रकाराच्या मर्यादाही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. सिटकॉममध्ये सारे पेच अर्ध्या तासात सुटतात आणि पुढच्या आठवड्यात माणसे होती तशीच परत येतात. पश्चात्ताप होतो, परिवर्तन होत नाही. आर्ची दर आठवड्याला शरमिंदा होतो आणि दर आठवड्याला पुन्हा त्याच खुर्चीत बसतो. व्यापारी वाहिनीला प्रेक्षकाचे मन फार काळ अस्वस्थ ठेवणे परवडत नाही, कारण लगेच साबणाची जाहिरात यायची असते. ख्रिस्ती आशेची जातकुळी निराळी आहे. ती क्रुसाला वळसा घालून जात नाही आणि तिसऱ्या दिवसाची वाट पाहते. म्हणून या मालिकांकडून मुक्तीची अपेक्षा धरू नये. पण थकल्या माणसाला विसावा देणे आणि त्या विसाव्यात शेजाऱ्याकडे थोड्या मायेने पाहायला लावणे, हे कामही लहान नव्हे. संत थॉमस यांच्या धनुष्याची दोरी सैल करणारे हे हात आहेत.

शेवटी एका बदलाकडे लक्ष वेधतो. या मालिकांमधील खरा हशा हा एकत्र जमलेल्या माणसांचा होता. त्या खुर्च्यांवरच्या अनोळखी माणसांना घटकाभर एक समुदाय करणे, ही दिग्दर्शकाची पहिली किमया होती. आज आपल्या घरांत तेच प्रसंग तुकड्यातुकड्याने, कानात यंत्र घालून, प्रत्येक जण आपल्या हातातील पडद्यावर पाहतो. हसणारा एकटा असला की हसू कोठे थांबवावे, हे सांगणारे शेजारी कोणी नसते. म्हणून एखाद्या रविवारी संध्याकाळी चकल्सच्या अंत्यविधीचा किंवा कोचच्या मुलीचा तो भाग साऱ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहावा. आजीआजोबांना भाषा कळली नाही तर नातवंडांनी समजावून सांगावी. मेरी रडू लागेल किंवा लिसा वाक्य अर्ध्यावर सोडील, त्या वेळी खोलीत कोण हसते आणि कोण गप्प होते, इकडेही थोडे लक्ष द्यावे.